आत माणूस असणे आवश्यक

विमान बांधायचं ठरलं तेव्हा ताईकडे ड्रिल, रिव्हेट मारायची गन, पत्राकामाचा चाळीस वर्षांचा हात आणि विमान चालवायचा परवाना होता. माझ्याकडे कात्री होती.

ताई माझी सख्खी मोठी बहीण, वय सदुसष्ट. तांत्रिक शाळेत तिने बत्तीस वर्षं पत्राकाम शिकवलं. चाळिशीत फ्लाइंग क्लबात जाऊन छोटं विमान चालवायला शिकली आणि तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं: आपण बांधलेलं विमान आपणच उडवायचं. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान. शहर बससेवेत एकतीस वर्षं मी वेळापत्रकं केली. बस कधी चालवली नाही. चालत्या बसमध्ये चढताना दोनदा पडलो मात्र आहे. पण दोनशे चौदा बसगाड्या कोणत्या मिनिटाला कुठे असाव्यात हे मी कागदावर लिहायचो आणि कधीकधी त्या खरंच तिथे असायच्या.

विमानाचे सुटे भाग ऑक्टोबरात आले, दोन लाकडी खोक्यांतून. पत्रे कापलेले, भोकं पाडलेली, सोबत एक जाडजूड पुस्तिका. ताईने गॅरेजमधली गाडी रस्त्यावर काढली आणि काम सुरू केलं. जानेवारीत मी पाहिलं तर तीन महिन्यांत शेपटीचा एक उभा पंख तयार झाला होता. काम देखणं होतं. पण प्रत्येक पान तीनदा वाचायचं, मग भाग हातात घेऊन खिडकीशी उभं राहायचं, मग चौथ्यांदा वाचायचं, अशी तिची रीत.

“या वेगाने किती वर्षं लागतील?” मी विचारलं.

“पाच.”

“मग घाई कसली?”

ती भिंतीकडे बघत म्हणाली, “तीस सप्टेंबर.”

तीस सप्टेंबरला तिच्या वैद्यकीय तंदुरुस्तीच्या दाखल्याची मुदत संपत होती. दाखला दरवर्षी नवा करावा लागतो. या वेळी डॉक्टरांनी सही केली आणि पेन खिशात ठेवताना सांगितलं, “पुढच्या वर्षी माझ्याकडे येऊ नका. डाव्या डोळ्याचा पडदा बघता मी सही करणार नाही, आणि जो करेल त्याच्याकडे तुम्ही जाऊ नये.” ताईने भांडण केलं नाही. तीस सप्टेंबरच्या आत विमान उडालं तर ती उडवणार; नंतर उडालं तर दुसरं कोणी उडवणार आणि ती खालून हात हलवणार.

आता अशा वेळी शहाण्या भावाने काय करावं? हातात कानस घ्यावी, झाडू घ्यावा, निदान चहा करावा. मी म्हणालो, “ताई, तुझं नियोजन चुकतंय.”

पुस्तिका मी तीन रात्रींत वाचली आणि माझ्या लक्षात आलं की ती लिहिणाऱ्याला वेळापत्रकाची अक्कल नव्हती. तो भागांच्या क्रमाने जात होता: आधी शेपूट, मग पंख, मग धड. वेळेच्या हिशेबाने नव्हे. रंग वाळत असताना माणूस रिकामा, निरीक्षकाची वाट बघताना माणूस रिकामा. आमच्या खात्यात पहिला धडा असायचा, गाडी उभी राहता कामा नये. मी पुस्तिकेच्या पानांच्या प्रती काढल्या, कात्रीने एकेक काम कापून वेगळं केलं आणि चारशे बारा चिठ्ठ्या केल्या. गॅरेजच्या भिंतीवर दाराएवढा तक्ता आखला. प्रत्येक चिठ्ठीवर रकाने: काम, हत्यार, किती तास, कोण. ताईची कामं लाल दोरीने जोडली, निरीक्षकाच्या तपासण्या हिरव्या, बाहेर द्यायची कामं निळ्या. चिठ्ठ्या एका मापाच्या हव्यात म्हणून मी पानांच्या कडा पट्टी लावून छाटल्या. छाटलेल्या कागदाच्या पट्ट्या भावोजींनी उचलून नेल्या. मागची बाजू कोरी होती, वाणसामानाच्या यादीला बऱ्या.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलं. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून वाचून त्यांना कुठलाही कागद दोन्ही बाजूंनी वाचायची सवय लागली होती; लग्नाची पत्रिकासुद्धा उलटून बघायचे. तक्ता पूर्ण झाला त्या दिवशी ते चहाचा कप घेऊन समोर उभे राहिले.

“आराखडेसाहेब,” ते म्हणाले. हे नाव त्यांनी मला त्या दिवशी दिलं. “यात तुम्ही कुठे आहात?”

“म्हणजे?”

“लाल दोरी हिची. हिरवी निरीक्षकाची. निळी रंगवाल्याची. तुमची कोणती?”

“भावोजी, वेळापत्रक करणारा वेळापत्रकात नसतो.”

“वा! उंटावरून शेळ्या हाकणारा निदान उंटावर तरी दिसतो.”

ताई हसली नाही. ती तक्त्यासमोर डोकं जरा तिरकं करून उभी होती. मग म्हणाली, “ठरलं. तक्ता तुझा, हात माझे. मी रोज त्या दिवसाची चिठ्ठी काढणार आणि तेवढंच करणार. पुढचं वाचणार नाही, नाहीतर मी पुन्हा खिडकीशी जाऊन उभी राहीन.”

हा करार मला माझ्या बुद्धीचा गौरव वाटला. आज वाटतं, कोणी आपल्यावर एवढा भरवसा टाकला तर आधी घरी जाऊन आपली कात्री लपवावी.

खरं सांगायचं तर तक्ता चालला. एप्रिलमध्ये दोन्ही पंख उभे राहिले, जूनअखेर धडाचा सांगाडा. एक काम मलाही मिळालं, तक्त्याबाहेरचं: ठोकळा धरायचं. रिव्हेट म्हणजे डोकं असलेली बोटाच्या पेराएवढी खिळी. ती भोकात घालायची, एकाने बाहेरून गनने ठोके द्यायचे आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे तिचं शेपूट चपटं होऊन पत्रे आवळले जातात. बाहेरच्याला आतलं दिसत नाही आणि दोघांच्याही कानांवर आवाज अडवणारे जाड कप असतात, म्हणून बोलणं ठोक्यांनी. आतल्याने ठोकळ्याने पत्र्यावर एकदा ठोकलं तर ‘अजून एकदा मार’. दोनदा ठोकलं तर ‘झालं, पुढचं घे’. तीनदा ठोकलं तर ‘बिघडलं, काढून टाक’. ताईने ही भाषा शाळेत हजार मुलांना शिकवली होती. मी तिचा सगळ्यात म्हातारा विद्यार्थी, आणि तिच्या मते सगळ्यात बडबड्या. मी कधीकधी चारदाही ठोकायचो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मला निमंत्रण आलं. निवृत्त परिवहन कर्मचाऱ्यांचं संमेलन होतं, तीन दिवस, परगावी. मी भाषण द्यायचं होतं. विषय: नियोजन.

अडचण अशी की त्याच तीन दिवसांत, चिठ्ठी क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशीप्रमाणे, शेपटीकडच्या निमुळत्या भागाचे वरचे रिव्हेट मारायचे होते आणि त्याला दोन माणसं लागत. मी नसताना ताई रिकामी बसणार. गाडी उभी राहणार! मी तक्त्यासमोर दहा मिनिटं उभा राहिलो आणि तोडगा काढला. चिठ्ठी एकशे त्र्याण्णव, सीटमागची आडवी भिंत बसवणे, हे काम एकट्याने होणारं होतं; त्याचे रिव्हेट हातातल्या चिमट्याने दाबता येत. ती चिठ्ठी पुढे घेतली, एकशे अठ्ठ्याऐंशी मागे ढकलली, लाल दोरीला एक गाठ मारली आणि भाषणाला गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. मी नुकताच व्यासपीठावरून उतरलो होतो.

“एकशे अठ्ठ्याऐंशीच्या आधी एकशे त्र्याण्णव? नक्की?”

“तक्त्यात आहे ना तसं?”

“आहे.”

“मग झालं तर.”

ती क्षणभर थांबली. “बरं,” म्हणाली आणि फोन ठेवला. त्या क्षणभरात तिची चाळीस वर्षं बोलत होती. माझ्याभोवती टाळ्या वाजत होत्या, मला ऐकू आलं नाही.

भिंत झकास बसली. एकशे अठरा रिव्हेट, एकाच उंचीचे, एका ओळीत. बारा तारखेला निरीक्षक आले. हे गृहस्थ विमान-खात्यातून निवृत्त झालेले. हातात विजेरी आणि दांडीला लावलेला छोटा आरसा, तोंडात शब्द जवळजवळ नाहीत. भिंत पाहिली, सही केली, गेले.

चौदा तारखेला भावोजी दोन पिशव्या घेऊन बाजारातून आले. ताई आणि मी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. त्यांनी पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि खिशातून यादीची पट्टी काढली.

“साबण मिळाला,” ते म्हणाले. “बल्ब मिळाले. दाढीची पाती मिळाली. पण मागच्या बाजूला एक माणूस लिहिलाय, तो काही कुठल्या दुकानात मिळाला नाही.”

“कोण माणूस?” ताई म्हणाली.

भावोजींनी पट्टी उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तसं सावकाश वाचलं, “‘सावधान. ही भिंत बसवण्यापूर्वी शेपटीकडील वरच्या पत्र्याचे सर्व रिव्हेट पूर्ण करावेत. त्या वेळी आत माणूस असणे आवश्यक.’”

ताईने कप खाली ठेवला, उठली आणि गॅरेजमध्ये गेली. मी मागोमाग. तिने विजेरी घेऊन भिंतीतल्या गोल भोकातून आत प्रकाश टाकला. भोक मनगट जाईल एवढं. पलीकडे माणसाच्या उंचीइतक्या अंतरावर वरच्या पत्र्याची भोकं ओळीने दिसत होती, तात्पुरते चाप लावलेली. बेचाळीस. तिथले रिव्हेट मारायला आत माणूस जायला हवा होता, आणि आत जायच्या वाटेवर एकशे अठरा देखण्या रिव्हेटांनी भिंत उभी होती. आधी कळस मग पाया म्हणतात, पण आम्ही आधी कुलूप लावलं होतं आणि मग घर बांधायला आत शिरणार होतो.

“सूचना पानाच्या तळाला होती,” मी म्हणालो. “कडेला. चिठ्ठ्या एका मापाच्या हव्यात म्हणून…”

“कळलं.”

“तक्त्यात ‘आत’ असा रकानाच नव्हता. बसच्या वेळापत्रकात…”

“कळलं म्हटलं ना.” मग विजेरी बंद करत, “मी विचारलं होतं. एकदाच विचारलं. दोनदा विचारायला हवं होतं.”

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. तिने अर्धी चूक उचलून स्वतःकडे घेतली आणि मला उरलेल्या अर्ध्या चुकीबरोबर एकटं सोडलं.

मी हिशेब मांडला. दुसरं काय येतं मला? भिंतीचे रिव्हेट ड्रिलने एकेक करून काढायचे, भोक मोठं होऊ न देता. मग आत शिरून बेचाळीस. मग भिंत पुन्हा. मग निरीक्षकांची पुन्हा तपासणी, आणि त्यांची तारीख लगेच मिळत नाही. सगळे मिळून सोळा दिवस. तक्त्यात पहिलं उड्डाण वीस सप्टेंबरला होतं. वीस आणि सोळा. सहा ऑक्टोबर. तीस सप्टेंबर ओलांडून सहा दिवस पलीकडे.

संध्याकाळी मी ताईकडे एक कल्पना घेऊन गेलो. ती कल्पना इथे लिहायला मला लाज वाटते, म्हणून लिहितो. एका बाजूनेच बसवता येणारे पोकळ रिव्हेट मिळतात. त्यांना आतून ठोकळा लागत नाही. भिंत तशीच ठेवायची आणि ती बेचाळीस भोकं बाहेरून बंद करायची. दोन दिवसांचं काम.

“पुस्तिकेत तिथे भरीव सांगितलेत,” ताई म्हणाली.

“सांगितलेत. पण निरीक्षकांचा आरसा काही तितक्या आत जात नाही. रंग दिल्यावर कोणाला कळणार?”

“मला. शेपूट माझ्या पाठीमागे असणार आहे, तुझ्या नाही.”

ती ड्रिलला बारीक पातं लावत होती. तेवढ्यावर विषय संपला.

भिंत काढायला चार दिवस लागले. एकशे अठरांपैकी एकही भोक मोठं झालं नाही. ताई ड्रिल धरायची तेव्हा तिचा श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. मी प्रत्येक काढलेला रिव्हेट डबीत टाकून मोजत होतो, कारण काहीतरी मोजल्याशिवाय मला त्या खोलीत उभं राहणं जमत नव्हतं.

मग आत माणूस हवा होता. भावोजींच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला. ताई बाहेर गनवर. उरलो मी, एकतीस वर्षं खुर्चीवर बसून जमवलेल्या पोटासह.

मला त्यांनी डोक्याकडून आत घातलं. खाली जुनी गादी, कपाळाला दिवा, छातीवर ठोकळा. शेपटीकडे निमुळतं होत जाणारं ते पत्र्याचं नळकांडं. खांदे गेले, पोट अडलं. “श्वास सोडा,” भावोजी म्हणाले. मी सोडला आणि त्यांनी ढकललं. मग त्यांचा आवाज आला, “आराखडेसाहेब आता वेळापत्रकात पोचले.”

आत बस्तान बसवायलाच अर्धा तास गेला. पहिले दहा रिव्हेट चांगले गेले. ठोके पडले की सगळं नळकांडं माझ्या दातांत वाजायचं. मी दिव्याच्या उजेडात शेपूट बघायचो आणि ठोकायचो. एकदा. दोनदा. अकराव्याला आणि चौदाव्याला तीनदा. ताई न बोलता काढायची, नवा घालायची.

सतराव्याला ठोकळा किंचित घसरला. शेपूट चपटं झालं पण एका बाजूला कलंडलं. वाईट नव्हतं. चांगलंही नव्हतं. घाम डोळ्यांत जात होता, पाठीखाली गादीची शिवण रुतत होती, आणि तीन ठोके म्हणजे आणखी पंधरा मिनिटं. मी दोनदा ठोकलं.

पंचवीस झाल्यावर थोडी विश्रांती घेतली. कानांवरचे कप काढले. पत्र्याच्या पलीकडे ताई पाठ टेकून बसली असावी. तिचा आवाज अगदी माझ्या खांद्याशी येत होता.

“काय रे, जिवंत आहेस का?”

“वेळापत्रकाप्रमाणे आहे.”

ती हसली. मग म्हणाली, “तुझा तक्ता बघताना मी मान तिरकी का करते, माहीत आहे?”

“मला वाटलं कौतुकाने.”

“गाढवा. उजवा डोळा झाकला तर तुझी लाल दोरी मधेच वाकते. सरळ दोरी, पण तेवढ्या ठिकाणी नदीसारखी वळते. म्हणून मी मान वाकवून उजव्याने बघते. डॉक्टरांना तेच दिसलं. म्हणजे मला काय दिसतं ते दिसलं.”

“आणि विमान?”

“दोन्ही उघडे असले की वाकत नाही. या वर्षी नाही. डॉक्टर मूर्ख नाहीत, त्यांनी विचार करून सही केली आहे.” जरा थांबली. “पुढच्या वर्षीची सही मीच मागणार नाही. त्यांनी सांगायच्या आधीच ठरवलं होतं.”

मी कप पुन्हा कानांवर चढवले. नळकांड्यात बोलायला जागाही कमी होती.

आम्ही पुन्हा सुरू केलं. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. प्रत्येक वेळी माझी नजर सतराव्याकडे जायची. तो माझ्या नाकाच्या वरच होता. कलंडलेला, खाली मान घालून बसलेल्या कारकुनासारखा. एकतिसावा झाला, दोन ठोके दिले, आणि ताईने बत्तिसावा घालायच्या आधी मी पुन्हा ठोकलं. तीनदा.

कप निघाल्याचा आवाज आला. “कुठला? एकतीस?”

“सतरा.”

“सतराला तू दोनदा ठोकलं होतंस.”

“हो.”

“आता एकतीस झालेत.”

“माहीत आहे, ताई.”

मग ड्रिलचं बारीक पातं पत्र्याला टेकलं. सतरावा निघाला, नवा बसला. या वेळी मी ठोकळा दोन्ही हातांनी धरला, आणि तो सरळ, गोल, पुस्तिकेतल्या चित्रासारखा झाला. मी दोनदा ठोकलं. पत्र्याच्या बाहेरून उत्तर म्हणून दोनदा ठोकल्याचं ऐकू आलं. तसं करायची तिच्या भाषेत पद्धत नव्हती.

बेचाळीस पूर्ण झाल्यावर भावोजींनी मला पायांना धरून बाहेर ओढलं. शर्ट मागे आतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई यायच्या आत मी तक्त्यापाशी गेलो. सहा ऑक्टोबर तसाच होता. निरीक्षक कमी करता येत नव्हते, इंजिनाची चाचणी कमी करता येत नव्हती. निळ्या दोरीवर चार चिठ्ठ्या होत्या: घासणे, रंग, पट्टे, अक्षरं. रंगवाल्याकडे बारा दिवस. हे बारा दिवस मी पहिल्याच आठवड्यात, सगळ्यात आधी, तक्त्यात पक्के केले होते. पांढरा रंग, निळा पट्टा, नाकावर विमानाचं नाव. नाव सुचवायचं काम माझ्याकडे होतं. सत्तावीस नावांची यादी करून मी तीनवर आणली होती. आणि दाराच्या खाली, वाकून बघणाऱ्यालाच दिसेल अशा बारीक अक्षरांत, एक ओळ: ‘नियोजन’ आणि पुढे माझं नाव. ही ओळ मी कोणाला सांगितली नव्हती. पण रंगवाल्याला लिहून दिली होती.

रंगाशिवाय विमान उडतं. पत्र्याला काय माहीत त्याच्यावर काय लिहिलंय?

मी चारही चिठ्ठ्या उपटल्या. निळी दोरी सोडवली. सहा ऑक्टोबरमधून बारा गेले, चोवीस सप्टेंबर. एकतीस वर्षांत मी वेळापत्रकात गाड्या घातल्या, फेऱ्या वाढवल्या, मिनिटं कोंबली. काही काढून टाकल्याने गाडी वेळेवर येते हा शोध मला साठाव्या वर्षी लागला.

ताई आली. रिकामी जागा बघून मान तिरकी केली. “रंग?”

“नंतर.”

“तुला तो पट्टा फार हवा होता.”

“मला बरंच काही हवं असतं,” मी म्हणालो. “चल, भिंत कधी लावतेस?”

निरीक्षक सव्वीस जुलैला आले. भिंत परत लावायच्या आधी त्यांनी दांडीचा आरसा आत घालून वरची ओळ सावकाश बघितली.

“हा सतरावा दोनदा मारलाय.”

“हो,” मी म्हणालो.

“बरं केलंत.” त्यांनी सही केली. निघताना तक्त्यापाशी थांबले आणि त्यांच्या मानाने लांबलचक भाषण केलं, “इतक्या दोऱ्या! आमच्याकडे एकच नियम होता. बंद करण्याआधी आत कोण आहे ते बघा.”

चोवीस सप्टेंबरला विमान धावपट्टीशेजारच्या शेडमध्ये तयार उभं होतं. नुसता चमकता पत्रा, त्यावर फेल्ट पेनने लिहिलेले माझे चिठ्ठ्यांचे आकडे आणि बाण. कोणी म्हणालं असतं की हे विमान पार्सलने पाठवायचं आहे. चोवीसला आडवा वारा. पंचवीसला वारा. सव्वीसला निरीक्षकांना ताप. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस वारा. वाऱ्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता, हे आता वाचकाला सांगायला नको.

तीस तारखेला दुपारी चार वाजता धावपट्टीच्या टोकाचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा वारा पडून खाली लोंबला. पहिल्या उड्डाणाला चालकाशिवाय कोणी आत बसायचं नाही असा नियम. ताई बसली, पट्टे आवळले, वरचं काचेचं झाकण ओढून घेतलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिला करायची कामं होती.

विमान पळालं, शेपूट हललं आणि ते वर गेलं. याहून जास्त वर्णन मला जमणार नाही, कारण मी फक्त शेपूट बघत होतो. वीस मिनिटं ते आमच्या डोक्यावर गोल फिरलं. भावोजी माझ्या शेजारी होते. त्यांच्या हातात रिकामी पिशवी होती आणि ती त्यांनी घडी घालून, उलगडून, पुन्हा घडी घालून पार मऊ करून टाकली.

ताई उतरली. थोडी उसळली, मग बसली. विमान शेडसमोर आलं आणि इंजिन थांबलं. मी धावत, म्हणजे माझ्या पद्धतीने धावत, तिथे पोचलो. झाकण बंदच होतं. आत ताई समोर बघत बसली होती, दोन्ही डोळे उघडे. मग तिने हात वर केला आणि बोटाच्या पेराने आतून पत्र्यावर ठोकलं.

एकदा.

मी दुसऱ्या ठोक्याची वाट बघितली. आला नाही. अजून एकदा.

मी निरीक्षकांकडे वळलो. त्यांनी घड्याळ बघितलं, आकाश बघितलं. “इंजिनावरचा पत्रा काढून गळती बघतो. अर्धा तास. त्यानंतर पाऊण तास उजेड आहे. आणि दाखला,” ते म्हणाले, “आज संपेपर्यंत चालतो.”

सव्वा पाचला ती पुन्हा वर गेली. या वेळी गोल फिरली नाही. सरळ गेली, दिसेनाशी होईपर्यंत.

खिशात तक्त्याची शेवटची चिठ्ठी होती, क्रमांक चारशे बारा, पहिलं उड्डाण. तिच्या खाली थोडी जागा होती. पट्टी जवळ नव्हती म्हणून मी हातानेच एक वाकडातिकडा चौकोन काढला आणि रकाने भरले. क्रमांक: चारशे तेरा. काम: दुसरं उड्डाण. आत: ताई. बाहेर: मी. बाहेरच्याचं काम: उभं राहणे. किती वेळ, हा रकाना मोकळा सोडला.

भावोजींनी माझ्या खांद्यावरून वाचलं. मग चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि उलटी करून मागची बाजूही वाचली.

“काही नाही,” ते म्हणाले आणि परत दिली.